मोत्यांच्या मागून गेलेली गाणी

मुंबईहून दोह्याला निघालेल्या कतार एअरवेजच्या विमानात तुम्ही शिरता. पुढचा माणूस वरच्या कप्प्यात बॅग कोंबतोय, मागचा घाई करतोय. या गडबडीत एक सुरावट वाजते आहे आणि कुणाचंच तिच्याकडे लक्ष नाही. तुम्ही द्या. या विमान कंपनीच्या प्रवाशांसाठी असं संगीत रचणारी बाई कतारचीच आहे. दाना अलफरदान तिचं नाव. ती गाणी लिहिते, चाली बांधते, वाद्यवृंदासाठी रचना करते, आणि लंडनच्या रंगभूमीवर तिची दोन संगीत नाटकं झाली आहेत. पाश्चात्त्य वाद्यवृंद, पॉप आणि अरबी सूर ती एकाच रचनेत आणते. पत्रकार याला ‘फ्यूजन’ म्हणतात. शब्द सोयीचा आहे, पण त्यामुळे असं वाटतं की या गोष्टी आत्ताच, स्टुडिओत, कुणाच्या तरी हुशारीने एकत्र आल्या. त्या फार आधी एकत्र आल्या होत्या, आणि त्यात मुंबईचाही हात होता. पट्टा बांधा. दोहा चार तासांवर आहे, पण तुम्हाला त्याहून बरंच लांब जायचं आहे.

उतरल्यावर आधी कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात चला. ज्याँ नूवेल यांनी वाळवंटातल्या स्फटिकफुलासारखी बांधलेली ही इमारत २०१९ मध्ये उघडली. आतल्या एका काचेसमोर थांबा. समोर आहे बडोद्याचा मोत्यांचा गालिचा. आपल्या खंडेराव गायकवाडांनी १८६५च्या सुमारास तो करवून घेतला, मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी. १८७० मध्ये महाराज वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर १५ लाखांच्या आसपास मोती टाचलेले आहेत, मधूनमधून हिरे, माणकं, पाचू. २००९ मध्ये दोह्यातल्या लिलावात तो ५५ लाख डॉलरला विकला गेला. बघणारे वेलबुट्टी बघतात आणि पुढे जातात. तुम्ही मोती बघा, बाजरीच्या दाण्यांहून बारीक. आपले जवाहिरे ज्यांना ‘बसऱ्याचे मोती’ म्हणत, ते याच आखाताच्या तळातून वर येत. एकेका मोत्यासाठी कुणीतरी श्वास कोंडून खाली गेलेलं होतं, आणि ते खाली जात असताना वर कुणीतरी गात होतं.

वर्ष १९१२. तुम्ही सांबूक नावाच्या गलबताच्या फळ्यांवर उभे आहात. पाय भाजतायत.

किनारा कुठेच दिसत नाही. दोह्याच्या किल्ल्यात अजून तुर्कांची शिबंदी आहे आणि कतारचे म्हातारे शासक शेख जासिम अजून हयात आहेत, पण इथे समुद्रावर राज्य नाखुद्याचं, म्हणजे नाखव्याचं. पन्नाससाठ माणसं या एका गलबतावर चार महिने राहणार आहेत. त्याच काळात इंग्रजांच्या बाजूने लॉरिमर नावाच्या अधिकाऱ्याने आखाताची मोठी नोंदवही तयार केली. तिच्यात कतारची वस्ती २७ हजार आणि मोत्यांची गलबतं ८१७ अशी नोंद आहे. बायका, मुलं, म्हातारे वगळले तर उन्हाळ्यात किनाऱ्यावर पुरुष असे उरतच नाहीत.

तुमच्या शेजारचा बुड्या मारणारा तयार होतोय. नाकाला हाडाचा चिमटा, बोटांना कातड्याच्या टोप्या, गळ्यात जाळीची पिशवी. एका पायात दोरीला बांधलेला दगड. दगडाच्या ओझ्याने तो सरळ खाली जातो. दुसऱ्या दोरीचं टोक वर एका माणसाच्या हातात आहे. खालून झटका आला की या माणसाने जीव खाऊन ओढायचं. खालच्याचं जगणं त्याच्या दंडांवर. तुम्ही मनात आकडे मोजू लागता. साठ. सत्तर. ऐंशी. दोरी हलते. वर येतो तो माणूस श्वास घेत नाही, श्वास गिळतो. मिनिटभर दोरीला लटकतो आणि पुन्हा खाली. सूर्य उगवून वर आल्यापासून मावळेपर्यंत हेच. दिवसभर पोटात खजूर आणि कॉफी, कारण भरल्या पोटी बुडी मारता येत नाही. भात-मासळी रात्री.

आता जागा बदलायची आहे. नांगर उचलायचा, वल्ही मारायची. नाखुदा हाक देतो आणि एक माणूस पुढे येतो. हा नहाम. याला गाण्यासाठीच बोटीवर घेतलं आहे आणि मोसमाच्या कमाईत याचा वाटा ठरलेला आहे. तो डोळे मिटून एक उंच, लांब, चिरत जाणारी तान घेतो. तिला अजून ताल नाही. आणि मग खालून, जणू गलबताच्या सांगाड्यातूनच, पन्नास माणसांचा खर्ज येतो. ते शब्द नाहीत, छातीतला घुमारा आहे. तुम्ही मंद्र सप्तकातला षड्ज पुष्कळदा ऐकला असेल, पण हा त्याच्याही खाली जातो आणि तुमच्या पायाखालची फळी थरथरते. नहाम वरून आळवतो, हे खालून टेकू देतात. मग टाळ्या सुरू होतात. सगळे एकदम टाळी देत नाहीत. अर्धे एका ठिकाणी, अर्धे मधल्या फटीत, त्यामुळे हात शंभर असले तरी ताल विणल्यासारखा ऐकू येतो. त्या तालावर दोर ओढला जातो. नांगर उचलायला एक गाणं, शीड चढवायला दुसरं, वल्ह्याला तिसरं. काम बदललं की चाल बदलते, कारण स्नायू बदलतात.

गाण्यात काय असतं? देवाचं नाव, घरची आठवण, आणि बऱ्याचदा नाखुद्याच्या कठोरपणाची तक्रार, तीही त्याच्या तोंडावर. नहामला तेवढी मोकळीक आहे.

ही माणसं कोण आहेत तेही पाहून घ्या. दोरी धरणारा बलुची आहे. त्याच्यापलीकडचा इराणच्या किनाऱ्यावरून आलेला. तो लांब केसांचा नजदच्या वाळवंटातला बदाऊन, एरवी उंट पाळणारा. आणि ते तिघे, ज्यांच्या आज्यांना पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून आणलं, ते गुलाम आहेत. ते बुडी मारतात आणि कमाई मालकाला जाते. कतारमध्ये गुलामी संपायला १९५२ उजाडावं लागलं. पण आज रात्री हेच तिघे एक वेगळाच ताल धरतील, जो झांझिबारच्या बाजूचा आहे, आणि बलुची त्यात हात घालेल, आणि बदाऊन आधी हसेल, मग तोही टाळी देईल. या किनाऱ्यावरचं संगीत असं एकत्र आलं. कुणी ठरवून केलं नाही. एका अरुंद गलबतावर चार महिने कुणाला कुणापासून दूर जाता येत नव्हतं.

आणि बाकीचे तरी मोकळे होते का? मोसमाआधी प्रत्येकाने उचल घेतली आहे. आपल्याकडे ऊसतोडीला निघालेलं बीडचं कुटुंब मुकादमाकडून घेतं ना, तीच उचल, तेच कागद, तोच न फिटणारा हिशेब. शिंपले दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मिळून, नाखुद्याच्या नजरेखाली उघडायचे. कुणाच्या पिशवीतून कुठला मोती निघाला ते कुणालाच कळत नाही. बाप मेला तर कर्ज मुलाच्या डोक्यावर. १९१२ हे साल म्हातारे पुढे ‘भरभराटीचं वर्ष’ म्हणून सांगतील, इतका पैसा त्या वर्षी आखातात आला. पॅरिसच्या कार्टिए घराण्यातला जॅक त्याच सुमारास मोती बघायला बहरीनला उतरला होता. पण तुम्ही ज्याच्या शेजारी उभे आहात, त्याच्या कानातून रक्त येतंय, आणि हिशेबाच्या शेवटी तो अजूनही देणेकरीच असेल.

रात्री कुणीतरी तुम्हाला गोष्ट सांगतो. तीन मित्र रात्री चालले होते, निर्जन जागी त्यांना गाणं ऐकू आलं. जवळ जाऊन पाहतात तो जिनांची मैफल, वरचं अंग माणसाचं, खालचं गाढवाचं. जिनांनी त्यांना गाणी शिकवली आणि बजावलं, कुणाला सांगितलंत तर मराल. दोघे मुकाट्याने मेले. तिसऱ्याने मरणाच्या वाटेवर असताना गाऊन दाखवलं. समुद्राच्या या गाण्यांना फिजिरी म्हणतात. बहरीनच्या फिजिरीला युनेस्कोने २०२१ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मला ही कथा फार खरी वाटते. मरणाच्या दारात असलेल्या माणसाकडेच ही गाणी होती, हे त्या लोकांना ठाऊक होतं.

सप्टेंबर संपत आला. तुम्ही आता किनाऱ्यावर, बायकांमध्ये आहात. गलबतं परतायची वेळ झाली आणि अजून दिसत नाहीत. बायका खजुराच्या झावळ्या पेटवतात आणि जळती टोकं समुद्रात खुपसतात. समुद्राला चटका देतात! बस झालं आता, माणसं परत दे. कधी मांजर धरून पाण्यात बुचकळतात. गाणं त्यांचंही आहे, टाळीही आहे, पण इथे खर्ज नाही. सगळे सूर वर, उघडे, जाब विचारणारे. नहामांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. या बायकांची नावं कुणी टिपून ठेवली नाहीत. याच किनाऱ्यावर शंभर वर्षांनी एक बाई वाद्यवृंदासाठी संगीत लिहील, हे लक्षात ठेवून पुढे चला.

मोती लाल फडक्यात बांधले गेले आणि बोटीत चढले. तुम्हीही चढा. मुंबई.

साल १९३०च्या दशकातलं. झवेरी बाजाराजवळच्या मोती बाजारात आखाती व्यापारी बैठकीवर बसले आहेत. दोह्यात चालतो तो रुपयाही इथलाच. मोत्याचं मोल इथल्या ‘चव’ या मापाने ठरतं, इथेच मोती विंधले जातात, ओवले जातात, आणि मग पॅरिस-लंडनला जातात. भेंडी बाजाराकडे अरबी घोड्यांचे तबेले आहेत. अरब इथे पिढ्यान् पिढ्या येतात, राहतात, लग्नं करतात. कुवेतचा अब्दुल्ला अल-फरज १८३६चा. व्यापाऱ्याचा मुलगा, याच शहरात वाढला, इथे संगीत शिकला, स्वतः कविता केल्या, स्वतः चाली बांधल्या, आणि परत गेल्यावर ‘सौत’ या आखाती गायकीचा मूळपुरुष ठरला. ऊद, लहानसा दुतोंडी मिरवास आणि टाळ्या. शब्द अरबी, वळणं येमेनची, आणि कुठेकुठे हिंदुस्थानी रागांची सावली. बहरीनच्या राजघराण्यातला मोहम्मद बिन फारिसही मुंबईत येऊन अब्द अल-रहीम अल-असिरी नावाच्या गवयाकडे शिकला होता.

पण तुम्हाला भेटायचंय ते सालिम राशिद सूरीला. हा ओमानच्या सूर बंदरातला, १९१०चा. घरच्यांना गाणं पसंत नव्हतं, म्हणून हा बोटीवर निघाला. मुंबईत जहाजांचे बॉयलर तपासायचं काम करतो, पुढे दलाली करेल. उर्दू त्याला चांगली येते. हिज मास्टर्स व्हॉइससाठी त्याने मुंबईत तबकड्या भरल्या. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एका कोपऱ्यात उभे राहा. ऊद जुळवला जातोय. तो गायला लागतो, अरबी सौत, आणि मग सहज, उंबरा ओलांडावा तसा, उर्दूत शिरतो आणि परत येतो. त्याच्या आवाजात खलाशाचा खरखरीतपणा आहे आणि मुंबईच्या रस्त्यावर ऐकलेल्या ठुमरीची लकबही. तबकडी तीन मिनिटांची, म्हणून तासभर चालणाऱ्या मैफलीचं गाणं तीन मिनिटांत बसवायला तो शिकला. या तबकड्या बोटीने परत आखातात गेल्या, कॉफीच्या अड्ड्यांवर वाजल्या. पुढे तो बहरीनला गेला, तिथे स्वतःची ‘सालिमफोन’ ही तबकड्यांची कंपनी काढली, आणि १९७९ मध्ये वारला. लोक त्याला गाणारा खलाशी म्हणत. मुंबईच्या संगीताचा इतिहास लिहिताना आपण भेंडी बाजार घराणं लिहितो, पारशी नाटक लिहितो, सिनेमा लिहितो. सूरी राहून जातो. तो राहायला नको.

बाजार मात्र मोडत चालला आहे. जपानमध्ये मिकिमोतोने १८९३ मध्ये पैदा केलेला मोती आता दुकानादुकानात पोचलाय, त्यात १९२९ची मंदी. बैठकीवरचे व्यापारी गप्प आहेत. पलीकडे कतारमध्ये गलबतं किनाऱ्यावर वाळतायत, माणसं देश सोडून चालली आहेत, आणि महायुद्धाची वर्षं तिथे भुकेची वर्षं म्हणून ओळखली जातात. याच दिवसांत दुखानला तेल लागतं, पण जहाजावर चढायला ते १९४९च्या ३१ डिसेंबरपर्यंत थांबतं. तेलाच्या विहिरीवर पहिले कामगार कोण? बरेचसे बुड्या मारणारेच. दोरी सोडली आणि पाइप धरला. गाणं तिथे लागत नव्हतं. यंत्राला ताल त्याचा स्वतःचा असतो.

१९५९ मध्ये रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापते, १९६६ मध्ये कतार तोही रुपया सोडतो. मुंबईशी असलेली नाळ अशी कागदोपत्री तुटली. १९६८च्या जूनमध्ये कतारचं आकाशवाणी केंद्र सुरू होतं. या काळातलं एक नाव मनात ठेवा, अब्दुलअजीज नासर. कैरोला शिकून आलेला, रेडिओवर काम केलेला हा संगीतकार. अरबी वाद्यवृंदाच्या शिस्तीत त्याने समुद्राचे आणि वाळवंटाचे ताल बसवले. १९९६ मध्ये स्वीकारलेल्या कतारच्या राष्ट्रगीताची चाल त्याचीच. कैरोचं व्हायोलिन आणि गलबतावरची टाळी एकमेकांना सांभाळून घेऊ शकतात, हे त्याने दाखवलं नसतं तर पुढचं सोपं झालं नसतं असं माझं मत आहे.

मग पैसा येतो, आणि २००८च्या ३० ऑक्टोबरला लोरिन माझेल यांच्या हाताखाली कतार फिलहार्मोनिकचा पहिला कार्यक्रम होतो. लेबनॉनचे मार्सेल खलिफे या वाद्यवृंदाचे पहिले संगीत संचालक. वादक बहुतेक परदेशी. तुम्ही म्हणाल, विकत घेतलेली संस्कृती. मलाही आधी तसं वाटलं असतं. पण १९१२च्या गलबतावर तरी सगळे स्थानिक कुठे होते? फरक एवढाच की या वादकांना पगार मिळतो आणि त्यांची नावं कार्यक्रमपत्रिकेत छापली जातात.

याच दोह्यात दाना रचना करायला लागली. तिचा पहिला अल्बम ‘पेंट’ २०१३चा. अलफरदान हे मोत्यांच्या व्यापाऱ्यांचं घराणं. त्यांची माणसं मोती पारखत, विकत घेत. मुंबईच्या त्या बैठकीवर तुम्ही ज्या तऱ्हेची माणसं पाहिलीत, त्या बाजूची. बुडी मारणाऱ्यांच्या बाजूची नव्हेत. हे सांगणं तिच्यावर ठपका ठेवणं नाही. वारसा म्हणून नहामचा आवाज आज सगळे कतारी अभिमानाने सांगतात, पण त्या आवाजामागे उचल होती आणि हिशेबाची वही दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होती. वहीच्या घरातल्या मुलीने गाण्याकडे वळावं, यात मला एक जुनं देणं दिसतं.

ऑगस्ट २०१८, लंडन. हेमार्केटच्या थिएटर रॉयलमध्ये जागा धरा. दाना आणि नदीम नामान यांचं ‘ब्रोकन विंग्ज’ सुरू होतंय. खलील जिब्रानच्या १९१२च्या कादंबरीवरचं संगीत नाटक. हो, तेच १९१२. कतारची माणसं समुद्राच्या तळाशी जात होती, त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जिब्रानची अरबीतली बैरूतच्या प्रेमाची गोष्ट छापून आली. घाट पुरता वेस्ट एंडचा आहे. एकट्याचं गाणं, दोघांचं गाणं, पडदा पडायच्या आधीचा समूहस्वर. पण चाल एखाद्या ठिकाणी वळते आणि वेस्ट एंड अरबी होतं. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ उभं केलं तेव्हा पारशी रंगमंच, कर्नाटकातल्या चाली आणि आपलं कीर्तन एकाच पडद्यामागे आणलं, आणि पुण्याने ते आपलं म्हणून डोक्यावर घेतलं. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये लंडन कोलिझियममध्ये याच जोडीचं ‘रूमी’ आलं, नामान रूमीच्या आणि रामीन करीमलू शम्सच्या भूमिकेत. मला स्वतःला यातल्या मोठ्या आरोही गाण्यांपेक्षा समूहाचं गाणं जास्त ओढतं. पुष्कळ माणसं खालून आधार देतात आणि एक आवाज वर जातो, ही रचना लंडनची म्हणून ऐकता येते. तुम्ही ती आधी कुठे ऐकली ते तुम्हाला माहीत आहे.

परत दोह्यात. विमानतळाबाहेर बसची वाट बघणारे कामगार दिसतील, तेलंगणाचे, बिहारचे, नेपाळचे. त्यांतल्या बऱ्याच जणांनी एजंटाला पैसे देण्यासाठी गावात कर्ज काढलं आहे. शुक्रवारी कामगारवस्तीत ते मोबाइलवर गाणी लावतात, कुणी ताट वाजवतं. आखाताचं पुढचं गाणं कुठून येईल असं मला विचाराल तर मी तिकडे बोट दाखवेन.

आज मात्र ‘कतारा’ या दोह्यातल्या सांस्कृतिक वस्तीच्या किनाऱ्यावर जुन्या गलबतांचा उत्सव आहे, दर हिवाळ्यात भरतो तो. ओमान, कुवेत, भारत, झांझिबार, कुठकुठली गलबतं लागली आहेत. बहरीनहून फिजिरीचं मंडळ आलंय. मातीचे घट, ढोल, आणि बाकी सगळे हात. नहाम तरुण आहे, पंचविशीचा असेल. तान येते, खर्ज येतो, टाळ्या सुरू होतात. तुम्हीही टाळी देता आणि ती चुकते, कारण तुम्ही सगळ्यांबरोबर देताय आणि इथे ती फटीत द्यायची असते. शेजारचे आजोबा तुमचं मनगट धरतात, मान हलवून नाही म्हणतात, आणि हातानेच मोजून दाखवतात. थांब. आता. थांब. आता.

“कुठले?” ते विचारतात.

“मुंबई.”

“मुंबई!” ते मोठ्याने हसतात, मनगट सोडत नाहीत, आणि पलीकडच्या रांगेला ओरडून काहीतरी सांगतात. रांग सरकते. तुम्हाला जागा होते.